टिटवीबाईंना कारणे दाखवा नोटीस

प्रति,
श्रीमती टिटवी,
मु. बागेचा सुशोभीकरण व्हायचा राहिलेला कोपरा, बीड.

विषय : विनापरवाना अंडी घालण्याबाबत.

महोदया,

ऐन वैशाखात आपण बागेत उघड्यावर चार अंडी घातल्याचे सकाळी फिरायला येणाऱ्या आम्हा नागरिकांच्या निदर्शनास आले आहे. घरटे म्हणावे तर जमिनीतला उथळ खळगा आणि भोवती खडे. अंडी मातकट, वर काळे ठिपके. दोन हातांवर उभे राहूनही आम्हाला दिसली नव्हती. आपणच डोक्यावर झेपा घेत ‘टिट् टिटिव’ असा बोभाटा केलात, तेव्हा शोध लागला.

शेजारी हिरवळ आहे, कारंजे आहे (कोरडे, पण आहे), सिमेंटचा मोरही आहे. ते सोडून आपण खडकाळ कोपरा पसंत केलात. खऱ्या मोरांचीही हीच तऱ्हा. त्यांच्यासाठी १९९४ साली पाटोदा तालुक्यात नायगाव मयूर अभयारण्य झाले, तेही बालाघाटच्या खुरट्या झाडीत. तिथे ना लॉन, ना गट्टू. पक्षीवर्गाची अभिरुची एकूणच खालावलेली दिसते.

अंडी उंचवट्यावर घालून आपण जोरदार पावसाचा अंदाजही परस्पर वर्तवला आहे. पारावरची मंडळी त्यावर विसंबतात. उद्या पावसाने दडी मारली, तर दुबार पेरणीचा खर्च कोणाच्या नावावर टाकायचा?

टँकरच्या दिवसांत गळक्या नळाखाली पोटाची पिसे भिजवून अंडी गार करण्याचा आपला उद्योगही नजरेतून सुटलेला नाही. नवराबायको पाळीपाळीने अंड्यांवर बसता, ही बाब मात्र आमच्या घरी कळू नये.

शिवाय ५ ते १२ नोव्हेंबर, म्हणजे मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, राज्यात पक्षी सप्ताह असतो. फलक लागतात, भाषणे होतात, पाहुण्यांच्या गळ्यात दुर्बिणी येतात. आपली वीण मात्र भर उन्हाळ्यात, जेव्हा हार घालायला कोणी मोकळे नसते. अंडी घालण्यापूर्वी कॅलेंडर पाहायला काय हरकत होती?

सबब, सात दिवसांत खुलासा सादर करावा. तो लेखी असावा. ओरडून दिलेला ग्राह्य धरला जाणार नाही.

ता. क. : आपल्या कोपऱ्यात गट्टू बसवायचे काम मंजूर आहे, फक्त निधी अडकला आहे. अंडी फुटायला चारेक आठवडे लागतात आणि पिल्ले बाहेर येताच लगेच चालू लागतात, असे समजते. एवढे दिवस निधी अडकलेलाच राहावा, ही आमची खासगी इच्छा. टिटवीदेखील समुद्र आटवते म्हणतात. मग एवढासा निधी आटवणे आपणास जड जाऊ नये.

आपला,
एक त्रस्त नागरिक

प्रत : होला, बुलबुल व वेडा राघू यांना माहितीसाठी. पुढचे काम त्यांच्या बाभळीपाशी आहे.