जातो म्हणू नये

ब्लॅक सॅबथ या बँडची कॅसेट मी पहिल्यांदा घरी लावली तेव्हा बाबा पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "सेल उतरलेत." मी म्हटलं, "नाही, गाणंच असं आहे." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि संध्याकाळी येताना चार सेल घेऊन आले. नवे सेल घातले. चिखलातून रेडा चालावा तसं गाणं चालतच राहिलं. मग टेपरेकॉर्डर दुरुस्तीला गेला. दुरुस्तीवाल्याने पंचवीस रुपये घेऊन पट्टा बदलला आणि लताबाईंची कॅसेट लावून मशीन ठणठणीत असल्याचं दाखवलं. घरी आल्यावर पुन्हा रेडा.

बिघाड मशीनमध्ये नव्हता, त्यांच्या गिटारवाल्या टोनी आयोमीच्या बोटांत होता, हे बाबांना सांगायचं राहूनच गेलं.

बर्मिंगहॅम हे कारखान्यांचं गाव. तिथे १७ वर्षांचा टोनी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. गिटार वाजवायचा, एका बँडबरोबर दौऱ्यावर जायचं ठरलं होतं, म्हणून नोकरी सोडलेली. शेवटच्या दिवशी दुपारी तो जेवायला घरी आला आणि आईला म्हणाला, आता परत जात नाही. आई म्हणाली, तसं नाही चालायचं, दिवस नीट पुरा करून ये. आज्ञाधारक मुलगा परत गेला आणि प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. टोनी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. आईचं ऐकावं, असं सांगणाऱ्यांनी हे उदाहरण जपून वापरावं.

कारखान्याच्या मॅनेजरने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून ऐकवली. जँगोची दोन बोटं आगीत भाजून निकामी झाली होती, तरी तो असा वाजवायचा. मग टोनीने भांडी घासायच्या लिक्विडची प्लास्टिकची बाटली वितळवली, बोटांसाठी टोप्या केल्या, त्यांवर चामडं चिकटवलं. तारा टोचायच्या म्हणून बारीक घेतल्या, पुढे त्या सैलही केल्या. तार सैल केली की सूर खाली जातो, आणि आमच्या घरी सेल उतरतात. यालाच जग हेवी मेटल म्हणतं.

बाकी मंडळीही तोलामोलाची. ढोलकरी बिल वॉर्ड, ज्याचं नाव ऐकून डिस्चार्जच्या दिवशीचं हॉस्पिटल आठवतं. बास गिटारवर गीझर बटलर. गीझर हे त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे, पण सगळी दुनिया त्याला तेच म्हणते. आमच्या आईला ते बाथरूमशिवाय कुठे शोभेल असं कधीच वाटलं नाही. तो आधी हिशेबाच्या नोकरीत होता, आणि सैतान, युद्ध, प्रलय वगैरे गाणी पुढे याच कारकुनाने लिहिली. वर्षाअखेरीचा ताळेबंद ज्याने जुळवलाय त्याला यात नवल वाटणार नाही.

आणि ऑझी ऑस्बर्न. याने मोटारींचे हॉर्न जुळवायचं काम केलं, कत्तलखान्यात केलं, मग चोऱ्या केल्या. पकडला गेला तेव्हा वडिलांनी दंड भरायला नकार दिला, म्हणून सहा आठवडे तुरुंगात. बाहेर आल्यावर मात्र त्याच वडिलांनी कर्ज काढून त्याला माइक आणि स्पीकर घेऊन दिले. वाद्यांच्या दुकानात ऑझीने चिठ्ठी लावली: गायक मिळेल, स्वतःचे स्पीकर आहेत. टोनी आणि तो एकाच शाळेतले. टोनीने चिठ्ठी वाचली आणि म्हणाला, मला एक ऑझी माहीत आहे, पण त्याला गाता येत नाही. तरीही घेतला. ज्याची बॅट त्याची बॅटिंग हा नियम बर्मिंगहॅममध्येही चालतो तर.

आधी बँडचं नाव 'अर्थ' होतं, पण त्याच नावाचा दुसरा बँड निघाला आणि लोक भलत्याच अर्थाने बोलवायला लागले. समोरच्या थिएटरात बोरिस कार्लॉफचा भुताचा सिनेमा लागला होता, 'ब्लॅक सॅबथ'. घाबरायला लोक पैसे मोजतात हे गीझरच्या लक्षात आलं. (हिशेबाचा माणूस!) नाव उचललं. पहिली रेकॉर्ड एका दिवसात ध्वनिमुद्रित झाली आणि १३ फेब्रुवारी १९७० ला, शुक्रवारी, बाजारात आली. त्याच वर्षी दुसरी. तिचं नाव 'वॉर पिग्ज' ठरलेलं. पण एक गाणं कमी पडलं म्हणून घाईघाईत 'पॅरानॉइड' रचलं, तेच तुफान चाललं, आणि रेकॉर्डला तेच नाव दिलं. मुखपृष्ठावर मात्र जुन्या नावासाठी काढलेला ढाल-तलवारवाला गडी तसाच राहिला. लग्नपत्रिका छापून झाल्यावर नवरा बदलावा, तसा.

१९७९ साली ऑझीला काढून टाकलं. कारण दारू आणि नशापाणी. शुद्धीत चौघांपैकी कुणीच नव्हतं, पण याची जरा जास्तच झाली होती. निरोप सांगायचं काम बिलकडे आलं. इथून पुढे या बँडमध्ये इतके गायक आले आणि गेले की आमच्या सोसायटीचे सेक्रेटरीही एवढे बदलले नसतील. कायम राहिला तो एकटा टोनी.

त्यातला १९८३ चा अंक मला फार प्रिय. डीप पर्पलचा इयन गिलन बारमध्ये पिता पिता सॅबथमध्ये यायला कबूल झाला आणि दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा फोन आला तेव्हा त्याला कळलं की आपण कबूल झालो आहोत. गाणी पाठ होईनात, म्हणून शब्द लिहून रंगमंचावर जमिनीशी ठेवले. प्रयोगात धूर सोडला आणि शब्द धुरात गडप. गिलन वाकून वाकून शोधतोय! आपल्याकडे निदान विंगेत प्रॉम्प्टर असतो. शिवाय नेपथ्याला स्टोनहेंजच्या शिळा मागवल्या होत्या, त्यात फूट आणि मीटरचा घोळ झाला, असं गीझर सांगतो. शिळा बहुतेक सभागृहांत मावेनात. हे वाचून मला आमच्या सुताराबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटली. त्याने इंच आणि सेंटीमीटरमध्ये गल्लत करून जे कपाट केलं, त्यात फक्त छत्री राहते.

ऑझी तिकडे स्वतंत्रपणे गाजत होता. १९८२ साली आयोवात कुणीतरी स्टेजवर वटवाघूळ फेकलं, याने रबराचं समजून दातांनी मुंडकं तोडलं, आणि मग रेबीजची इंजेक्शनं घेत बसला.

पण माझा खरा जीव जडला तो त्यांच्या निरोपांवर. आमच्याकडे नानामामांसारखा पाहुणा उठतो, मग दारात अर्धा तास बोलतो, चपला घालून पुन्हा बोलतो, आणि शेवटी "जातो" नाही, "येतो" म्हणतो. ऑझीने १९९२ साली आता दौरे बंद म्हणून निरोपाचा दौरा काढला, शेवटच्या दिवशी जुने तिघे येऊन वाजवूनही गेले. १९९५ साली हा परत हजर, आणि दौऱ्याचं नावच असं की निवृत्ती म्हणजे वैताग. पेन्शनर मंडळींच्या कट्ट्यावर हे नाव एकमताने पास झालं असतं. २०१७ च्या ४ फेब्रुवारीला बर्मिंगहॅममध्ये सॅबथचा अखेरचा कार्यक्रम झाला. टोनीला कर्करोगाच्या उपचारांमुळे दगदग झेपेना. बिल नव्हताच, कराराच्या कागदांवरून बिनसलं होतं. पुढच्याच वर्षी ऑझीने निरोपाचा दौरा क्रमांक दोन जाहीर केला. बायको म्हणाली, "हा माणूस आमच्या नानामामांच्या वरचढ आहे."

५ जुलै २०२५ ला व्हिला पार्कवर पुन्हा निरोप. हे फुटबॉलचं मैदान ऑझीच्या लहानपणच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. सामन्याच्या दिवशी तिथे येणाऱ्यांच्या गाड्या राखायचे तो पैसे घेई. आता पार्किन्सनमुळे उभं राहवत नव्हतं, म्हणून काळ्या सिंहासनावर बसून गायला. सिंहासनावर वटवाघूळ. या वेळी बिलही आला होता, वीस वर्षांनी चौघे एकत्र. मी बायकोला म्हटलं, "बघ, दोन वर्षांत परत येतोय की नाही."

सतराव्या दिवशी बातमी आली.

त्या रात्री माळ्यावरून जुना टेपरेकॉर्डर काढला, नवे चार सेल घातले, ती कॅसेट लावली. आवाज जड, संथ, ओढत ओढत आला. मी बराच वेळ कान लावून बसलो. पट्टा सैल झालाय की टोनीच्या तारा, काही केल्या कळेना.