सिंड्रेलाला टिपा कशा जोडाव्यात: नवशिक्यांसाठी

साहित्य: अमेरिकन कवयित्री अ‍ॅन सेक्स्टन यांचा ‘ट्रान्सफॉर्मेशन्स’ (१९७१) हा संग्रह, त्यातली ‘सिंड्रेला’, एक टोकदार पेन्सिल आणि बेताचा गंभीर चेहरा.

पहिली सूचना, भोपळा शोधत बसू नका. भोपळा, परी आणि काचेचा बूट हा सगळा माल फ्रान्सच्या पेरोचा, १६९७ सालचा. डिस्नेने १९५० मध्ये तोच उचलला. सेक्स्टनबाईंनी कथा घेतली ग्रिमबंधूंची. म्हणून इथे आईच्या थडग्यावरचं झाड आहे, पांढरं कबुतर आहे, आणि बूट बसावा म्हणून एका बहिणीने अंगठा छाटलाय, दुसरीने टाच. ‘बाईंनी फारच भडक केलंय,’ असं कुणी म्हणालं, तर सांगा की रक्त जुनंच आहे. बाईंनी भर घातली ती बाजाराची.

तर बाजारात चला. कविता सुरू होते ती राजवाड्यात नाही, आयरिश स्वीपस्टेक लागलेल्या प्लंबरपाशी. ‘एक लॉटरी’ एवढी टीप लिहून हात झटकू नका. १९३० पासून आयर्लंडमधल्या रुग्णालयांसाठी ही सोडत घोड्यांच्या शर्यतींवर चाले. अमेरिकेत तिची तिकिटं विकणं बेकायदा. तरी ती चोरून येत आणि धडाक्याने खपत. म्हणजे प्लंबरचं नशीब उघडलं तेही चोरवाटेने.

मग येते विम्याचे पैसे मिळून बॉनविट टेलरपर्यंत पोचलेली मोलकरीण. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरचं हे बायकांच्या उंची कपड्यांचं दुकान. १९८० मध्ये ती इमारत पाडून तिथे ट्रम्प टॉवर उभा राहिला, हे सांगायला जीभ वळवळेल. खुशाल सांगा, पण कवयित्रीच्या दूरदृष्टीच्या खात्यावर टाकू नका; त्या १९७४ सालीच गेल्या.

‘डिओर’ वगळा. वर्गाला तुमच्याहून जास्त माहीत असतं.

अल जोल्सनपाशी मात्र थांबा. राखेने माखलेली सिंड्रेला बाईंना त्याच्यासारखी दिसते. १९२७ च्या ‘द जॅझ सिंगर’मध्ये हा गोरा गायक तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयाच्या सोंगात गातो. इथे वर्ग हसतो आणि मग हसलो ते बरं केलं की नाही, म्हणून एकमेकांकडे बघतो. घसा खाकरून पान उलटू नका. जोल्सनचा रंग खेळ संपला की धुतला जाई. ज्यांचं सोंग घेतलं होतं, त्यांना ती सोय नव्हती.

शेवटी राजपुत्र-सिंड्रेलाचा सुखी संसार, आणि त्याला उपमा बॉब्सी ट्विन्सची. १९०४ पासूनची ही बालपुस्तकमाला. सुरुवातीला त्यातल्या जुळ्या मुलांच्या दोन जोड्या वाढत असत. पुढे त्यांची वयं बारा आणि सहावरच थांबवून टाकली. लेखिका लॉरा ली होप. वर्गातल्या सर्वांत हुशार मुलाला त्यांचं चरित्र शोधायला ग्रंथालयात पाठवा. तो हात हलवत परत येईल, कारण अशी कुणी बाईच नव्हती. त्या एका टोपणनावाखाली बरेच जण लिहीत. ‘हे परीक्षेला आहे का?’ असं कुणी विचारलंच, तर बेधडक ‘आहे’ म्हणा.