शून्य रुग्णांचं कौतुक पुरे

दर आठवड्याला आरोग्य केंद्रातून वर एक तक्ता जातो. घटसर्प, डांग्या खोकला, गोवर, धनुर्वात. प्रत्येक रकान्यात ‘निरंक’. तालुका खूश, जिल्हा खूश. मला अशा तक्त्याची भीती वाटते. रोग नसला तरी निरंक आणि कोणी बघितलंच नाही तरी निरंक. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात.

पोलिओवाल्यांनी हा घोळ फार आधी ओळखला होता. १९९७ पासून आपल्याकडे १५ वर्षांखालच्या मुलाचा हात-पाय अचानक लुळा पडला की कारण काहीही असो, नोंद करायचीच, असा दंडक झाला. आणि पुढे पोलिओ न निघालेल्या लुळेपणाचंही लक्ष्य ठरलं: या वयाच्या लाख मुलांमागे वर्षाला किमान २. म्हणजे १० लाख मुलांच्या जिल्ह्यातून अशा २० नोंदी आल्या नाहीत, तर जिल्हा निरोगी म्हणून सुटायचा नाही, त्याची झाडाझडती व्हायची. मग मुलाच्या शौचाचे दोन नमुने, निदान २४ तासांच्या अंतराने, लुळेपणा आल्यापासून १४ दिवसांच्या आत. आई कंटाळलेली, मूल रडतंय, आणि कार्यकर्ता डबी घेऊन ओट्यावर बसलेला. डबी बर्फाच्या पेटीत घालून प्रयोगशाळेपर्यंत थंडच पोचली पाहिजे. वाटेत पेटी तापली की सगळी धावपळ पाण्यात. मुंबईत तर २००१ पासून सांडपाण्यातही पोलिओचा विषाणू शोधतात. १३ जानेवारी २०११ ला हावड्यात लुळेपणा आलेली मुलगी नैसर्गिक पोलिओ विषाणूची शेवटची रुग्ण, असं आपण छातीठोकपणे म्हणू शकलो ते या चिकाटीच्या जोरावर.

गोवराच्या वेळी ही चिकाटी जाते कुठे? नियम तिथंही आहे: लाख लोकसंख्येमागे वर्षाला ताप-पुरळाचे किमान २ रुग्ण असे सापडायला हवेत, की तपासणीत ना गोवर निघाला, ना रुबेला. तेवढे सापडले तरच शोध चालू आहे असं धरायचं. तरी २०२२ च्या अखेरीस मुंबईच्या गोवंडीत गोवराने मुलं दगावली, तेव्हा कुठे मोठी शोधमोहीम निघाली, केंद्राचं पथक आलं, डोस चुकलेल्या मुलांच्या याद्या झाल्या. ती मुलं आदल्या महिन्यातही त्याच गल्ल्यांत खेळत होती. ताप आणि पुरळ अंगावर आलं की आई पहिल्यांदा गल्लीतल्या खासगी दवाखान्यात जाते. अशा किती डॉक्टरांना आरोग्य खात्यातून आठवड्याला एक फोन जातो?

आणि आढावा बैठकीत उभं कोणाला करतात? ज्याचे रुग्ण वाढले त्याला. मग शोधेल कोण? निरंक पाठवणाऱ्यालाच विचारा: किती दवाखान्यांची रजिस्टरं चाळलीस? किती मुलांचं रक्त तपासणीला धाडलंस? ज्या आशाताईंनी पुरळ आलेलं मूल हुडकून काढलं त्यांचं नाव बैठकीत घ्या, अहवाल निगेटिव्ह आला तरी घ्या.

वाचकहो, आपल्या तालुक्यात वर्षभरात गोवर-रुबेला न निघालेले ताप-पुरळाचे किती रुग्ण सापडले, हा आकडा आरोग्य अधिकाऱ्यांकडे मागा. तीन लाखांच्या तालुक्यात तो ६ च्या खाली असेल, तर ‘आमच्याकडे गोवर नाही’ हे उत्तर ऐकून परत फिरू नका.