फुकटचे नको, चोरीचे चालेल

पुण्यातल्या एका पेठेत नळ-पाइपचे दुकान आहे. तिथल्या संगणकाच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात गेली चार वर्षे एक फिकट ओळ उमटलेली असते. विंडोज सक्रिय करा, अशी ती इंग्रजीतली विनवणी. शेठना ती आता दिसतही नाही. भिंतीवरच्या पालीसारखी तीही घरातलीच झाली आहे. ही विंडोज गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याने तीनशे रुपयांत 'टाकून' दिली होती. मधून मधून तिचा क्रॅक उतरतो, मग दुरुस्तीवाला पुन्हा येतो आणि पुन्हा तीनशे घेतो.

इंजिनिअरिंगला असलेला भाचा दिवाळीत आला आणि म्हणाला, "मामा, लिनक्स टाकू. फुकट असतं."

शेठचा चेहरा पडला. "फुकट? मग गोम असणार काहीतरी."

चोरीच्या मालाबद्दल ही शंका शेठना कधी आली नव्हती, कारण चोरीच्या मालाला मुळात किंमत असते. ती आपण दिली नाही, एवढेच. जी वस्तू बनवणाराच राजीखुशीने देऊन टाकतो, तिच्यावर विश्वास ठेवायचा कसा?

या गोंधळाचे मूळ जुने आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, तेव्हापासून ते सांगत आले आहेत की मुद्दा पैशांचा नाही, स्वातंत्र्याचा आहे: आज्ञावली वाचा, बदला, वाटा. इंग्रजीत दोन्हींसाठी शब्द एकच, 'फ्री', म्हणून त्यांना आयुष्यभर फोड करून सांगावे लागले. मराठीत मुक्त आणि फुकट असे दोन शब्द आयते आहेत. तरी आपल्या कानाला ऐकू येतो तो दुसराच.

हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये छंद म्हणून जे लिनक्स सुरू केले, त्यावर नोव्हेंबर २०१७ पासून जगातले सर्वांत वेगवान पाचशेच्या पाचशे महासंगणक चालतात. लांब कशाला, पाषाणला आयसरमधला 'परम ब्रह्म' हा महासंगणकही लिनक्सवरच चालतो. "आपल्याला कुठे ब्रह्म शोधायचंय, पाइपची बिलं करायचीत," असे शेठ म्हणाले, आणि ते खोटे नव्हते. म्हणाले मात्र अँड्रॉइड फोनवर बोटे फिरवत. त्या फोनच्या पोटातही लिनक्सच, हे भाच्याने सांगितले नाही. सांगितले असते तर शेठनी फोन बदलला असता.

शेठ एकटे नाहीत. म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये विंडोज सोडायचे ठरवले, तेव्हा मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर स्कीइंगची सुटी अर्धवट टाकून महापौरांना भेटायला धावले. पालिका बधली नाही. दहा वर्षे खपून सुमारे पंधरा हजार संगणक लिनक्सवर आणले आणि २०१७ मध्ये ठराव केला, की परत विंडोज! २०२० मध्ये सत्तेतली आघाडी बदलली, पुन्हा मुक्त आज्ञावलीचे गोडवे सुरू झाले. रस्ता खणणे, बुजवणे आणि पुन्हा खणणे ही फक्त आपल्याच महापालिकांची मिरासदारी नाही, हे वाचून पुणेकरांना बरे वाटावे. केरळने मात्र गाजावाजा न करता सरकारी शाळांतून मुलांना लिनक्सवरच शिकवायला घेतले आणि ते टिकवले.

अडचणी नाहीत असे नाही. शेठचा जीव हिशेबाच्या टॅलीत अडकलेला, आणि टॅली विंडोजवरच सुखाने नांदते. शिवाय पंधरा वर्षांची मराठी कोटेशने जुन्या फाँटात. ती लिनक्सवर उघडली, तर 'सप्रेम नमस्कार'च्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. दोष लिनक्सचा नाही. युनिकोड येऊनही आपण जुना फाँट सोडला नाही, त्याचा आहे. पण शिव्या खायला समोर लिनक्स असते.

लिनक्सवाल्यांचेही एक आहेच. त्यांची अवस्था गणेशोत्सव मंडळांसारखी. डेबियन या लिनक्सच्या अवतारातून उबुंटू निघाले, उबुंटूतून मिंट, आणि प्रत्येकाचा गणपती मानाचा. "नवख्याने कोणतं टाकावं?" एवढे विचारून बघा, रात्रीचे दोन वाजतात आणि तुमचा संगणक अजून बंदच असतो.

शेवटी काम केले ते तारखेने. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि विंडोज ११ ने शेठच्या जुन्या डब्याला दारातच अडवले. नवा संगणक म्हणजे पस्तीस-चाळीस हजार. भाच्याने टॅलीसाठी एक संगणक रीतसर परवान्यासह वेगळा ठेवायला लावला आणि गल्ल्यावरच्या जुन्यावर मिंट चढवले. प्रिंटर पहिल्या झटक्यात चालला. तरी आठवडाभर शेठ त्याला हात लावीनात.

आयबीएमने रेड हॅट ही लिनक्सचीच कंपनी २०१९ मध्ये चौतीस अब्ज डॉलरला विकत घेतली. फुकटातल्या वस्तूची देखभाल करून ती पैसे कमावत होती. हे वाचून की काय, भाच्याने दुकानाच्याच बिलबुकाचे एक पान फाडले आणि लिहिले: 'लिनक्स बसवणे – रु. १,५००/-'. खाली सही केली.

शेठनी घासाघीस करून बाराशे दिले. दुपारी शेजारचा रंगवाला डोकावला, तेव्हा ते त्याला सांगत होते, "ओरिजिनल टाकून घेतलंय. बिल आहे आपल्याकडे."