सामायिक नाना

नाना घरात आले की आधी माणसांकडे बघत नाहीत, मान वर करून भिंतीचे कोपरे बघतात. "या नाना, बसा" म्हणावं, तर ते सोफ्यावर बसायच्या ऐवजी सोफाच ओढतात आणि त्यामागचा प्लग तपासतात. चहा येईपर्यंत त्यांनी मनातल्या मनात एक वायर हॉलमधून जिन्याखाली आणि जिन्याखालून गच्चीपर्यंत नेलेली असते. पहिला घोट घेऊन विचारतात, "घरात कॉम्प्युटर किती? प्रिंटर किती?" दोन आणि एक, असं उत्तर आलं की छत्तीस गुण जुळल्यासारखा त्यांचा चेहरा खुलतो. "मग शेअर का नाही केला?"

ओझरात "मिगला होतो" एवढं सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही. 1964 साली इथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना आला, मिग-21 बनू लागलं आणि गावाच्या नावाला मिग कायमचं चिकटलं. पुढे मिग-27 झालं, सुखोई आलं, नाना रिटायर झाले, पण गावाच्या तोंडी अजून मिगच आहे. नाना तिथे इन्स्पेक्शनला होते. विमानाच्या कामात हत्यार मोजून घ्यायचं आणि मोजून परत करायचं. एक पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान जागचं हलत नाही. पाना पोटात राहिला तर वर आभाळात काढायला कोण जाणार? नोकरी संपली, मोजणी संपली नाही. आमच्याकडे पोहे खाल्ले तरी चमचे मोजून परत देतात.

आमचं घर वाटणीचं. दादा खाली, आम्ही वर. जमीन वाटली, चूल वाटली, आंब्याच्या बरण्यासुद्धा वाटल्या. सामायिक राहिली ती विहीर, आणि सातबाऱ्यावर 'सामायिक' शब्द आला की वकिलाच्या पोरांच्या फीची सोय होते. प्रिंटर दादांचा. मला द्राक्षबागेचा एखादा कागद हवा असला की मी पेनड्राइव्ह घेऊन हायवेच्या पलीकडच्या झेरॉक्सवाल्याकडे जायचो. जिना उतरून खाली जाणं त्याहून लांब पडायचं.

नानांनी हे हेरलं आणि एका रविवारी ते केबलचं भेंडोळं खांद्याला अडकवून हजर झाले. वायर ओढली, टोक सोललं, आतले आठ धागे सरळ केले. चष्मा कपाळावर चढवून, धागे नाकाजवळ नेऊन नाना म्हणू लागले, "पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी." निळा मध्येच का येतो, असं मी विचारलं. देवळात चप्पल घालून आलेल्याकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं. क्रिंपरचा 'कट्ट' आवाज झाल्यावर आमच्या मुलीने सवयीने हात जोडले.

खरी परीक्षा पुढे असते. दोन कॉम्प्युटर एका तारेवर आले तरी एकमेकांना ओळख देत नाहीत. भावाभावांत हे नवीन नाही, पण नानांना मान्य नाही. "याला कुणीतरी पब्लिक नेटवर्क सांगून ठेवलंय," ते म्हणाले. "म्हणजे हा समजतोय आपण एसटी स्टँडवर बसलोय. म्हणून पिशवी पोटाशी धरून गप्प आहे. याला सांगा, घर आहे रे बाबा. प्रायव्हेट कर." प्रायव्हेट केलं आणि खरंच, खालचा कॉम्प्युटर वर दिसू लागला. नानांना या विषयाचा इतिहास पाठ आहे. एक्सपीच्या काळात होम आवृत्तीत ग्रुपचं नाव 'एमएसहोम' आणि प्रोफेशनलमध्ये 'वर्कग्रुप' असायचं. एकाच घरात दोन आडनावं, मग बोलणार कसे? 2009 साली विंडोज 7 बरोबर 'होमग्रुप' आला, तो नानांचा सुवर्णकाळ. 2018 मध्ये विंडोज 10 मधून तो काढून टाकला, हे सांगताना ते अजूनही आवाज खाली आणतात.

प्रिंटरची गोष्ट ते पाण्याच्या भाषेत सांगतात. नानांचं रान वाघाड धरणाच्या उजव्या कालव्याच्या शेपटाला आहे. ओझरच्या या टोकाला पाणी कागदावर यायचं, वाफ्यात यायचं नाही. तेव्हा बापू उपाध्ये आणि समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था काढल्या, पाटबंधारे खात्याकडून पाणी मोजून घेतलं आणि आपसात वाटलं. ते सगळं नानांनी डोळ्यांनी पाहिलंय. "प्रिंटर म्हणजे चारी," ते म्हणतात, "आणि स्पूलर म्हणजे पाटकरी. पाळी लावणारा. वर पोरीने प्रोजेक्टची चाळीस पानं सोडली आणि मध्येच कागद अडकला, तर शेपटाला दादाचं एक पान तिष्ठत बसणार. मग काय करायचं? पाटकऱ्याला झोपेतून उठवायचं." म्हणजे स्पूलर बंद करून पुन्हा चालू करायचा. शिवाय प्रिंटरचा पत्ता ते कायमचा बांधून टाकतात. राउटर लॉजवाल्यासारखा रोज वेगळी खोली देतो आणि कागद जुन्या खोलीचं दार ठोठावत राहतात, असं त्यांचं निदान.

शेवटी फोल्डर. सुरुवातीच्या काळात नाना 'एव्हरीवन, फुल कंट्रोल' देऊन मोकळे व्हायचे. 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचं दुखणं असल्याच शेअरिंगच्या जुन्या दारातून जगभर घुसलं, तेव्हापासून ते सावध झालेत. आता प्रत्येकाला विचारतात, "दादांना नुसतं वाचू द्यायचं, की लिहूही द्यायचं?" मी म्हणालो, "सातबाऱ्यावर असली सोय असती तर नाना, निम्मं निफाड कोर्ट रिकामं झालं असतं." नाना हसले नाहीत. परवानगीच्या कामात ते हसत नाहीत.

महिनाभर सगळं सुरळीत चाललं. मग एका संध्याकाळी आमच्या हिने वरून एक यादी छापली. शीर्षक होतं, 'दिवाळीला कुणाला काय द्यायचं', आणि वहिनींच्या नावापुढे लिहिलं होतं, 'मागच्या वर्षी आलेलीच साडी'. यादी खाली निघाली. पाच मिनिटांनी वहिनी स्वतः तो कागद घेऊन वर आल्या. वाटणीनंतर पहिल्यांदाच. आम्ही श्वास रोखून उभे. वहिनी म्हणाल्या, "ती नको गं, तिचा काठ उसवलाय. आणि तो तसा मीच दिला होता." दोघी हसत सुटल्या. मी नानांना फोन केला, तर ते म्हणाले, "म्हणजे प्रिंट गेली ना? मग झालं."

नानांचा खरा शत्रू व्हॉट्सअ‍ॅप आहे. हल्ली शेजारच्या खोलीतला पोरगा बापाला फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. "भिंतीपलीकडे पाच फुटांवर कागद द्यायचा, तर तो सातासमुद्रापार फिरवून आणायचा?" नाना कळवळतात. "अरे, हाक मारली तरी पोचेल एवढं अंतर!" नवी पिढी त्यांना मान देते, चहा देते आणि मोबाइलवरून वायफायने प्रिंट काढते.

एक गोष्ट मात्र मला बरेच दिवस खटकत होती. प्रत्येक वेळी नाना आमच्याकडे काहीतरी विसरून जातात. एकदा क्रिंपर, एकदा टेस्टर, एकदा ती बारीक पक्कड. ते न्यायला आठवड्याने येतात, चहा घेतात, खाली दादांकडे डोकावतात, नेटवर्क बघतात आणि दुसरं काहीतरी विसरतात. उभं आयुष्य ज्याने पाना मोजला, त्याचं असं कसं व्हावं? वय झालं, असं समजून मी एकदा क्रिंपर घेऊन त्यांच्या घरी गेलो.

भिंतीवर हत्यारांची फळी होती. प्रत्येक हत्याराच्या जागी त्याच्या आकाराची काळी रेघ मारलेली, म्हणजे काय गेलंय ते लांबूनही कळावं. सहा जागा रिकाम्या होत्या आणि सहाही जागी सुबक अक्षरातल्या चिठ्ठ्या. क्रिंपरच्या जागी आमच्या घराचं नाव आणि तारीख होती. तारीख पुढच्या रविवारची.

नाना आतून बाहेर आले. माझ्या हातातला क्रिंपर बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हा आज कशाला आणलास?" ते म्हणाले. "माझी सगळी पाळी चुकवलीस."