बुलेटबाबा प्रसन्न
जोधपूर-पाली महामार्गावर चोटिला गावाजवळ काचेच्या पेटीत एक ३५० सीसी बुलेट उभी आहे. हार, अगरबत्ती, नवस, सगळं साग्रसंगीत. १९८८ मध्ये ओम बन्ना नावाचे गृहस्थ याच गाडीवरून जाताना झाडावर आदळून गेले. पोलिसांनी गाडी ठाण्यात नेली, तर म्हणे रात्रीतून ती आपली पुन्हा अपघाताच्या जागी! टाकी रिकामी केली, साखळदंड घातला, तरी तेच. भुताखेतांचं सोडा हो; पण ठाण्यात जमा झालेली गाडी एकही खेटा न घालता, कागद न दाखवता दुसऱ्या दिवशी सुटली? चमत्कार तो हाच. ड्रायव्हर मंडळी सुखरूप प्रवासासाठी इथे माथा टेकतात आणि नैवेद्याला दारूची बाटली फोडतात. उरलेल्या तीर्थाचं काय होतं, ते पुढच्या वळणावरच्या झाडाला विचारा.