दिवसा पट, रात्री नाटक

स्पोर्ट्स कारच्या पोटाखाली जेमतेम चार-पाच इंच जागा असते. आमच्या झाडीपट्टीतले गतिरोधक त्याहून उंच, आणि ते कुठे आहेत हे फलकावरून नव्हे, डोकं टपाला आपटल्यावर कळतं. चंद्रपूर-गडचिरोलीत फेरारी का दिसत नाही, याचं हे पहिलं कारण. पैसा हे दुसरं कारण, पण ते आम्ही पाहुण्यांना सांगत नाही.

तरी एकदा एक स्पोर्ट्स कार आली होती. सिंदेवाहीकडच्या एका गावात वरात होती. नवरदेवाच्या नागपूरच्या मित्राने लाल रंगाची, दोन दारांची, जमीन हुंगत चालणारी गाडी आणली. वेशीवरच्या पहिल्याच गतिरोधकावर ती अशी बसली की पुढची चाकं गावात आणि मागची गावाबाहेर. बँडवाल्यांनी वाजवणं थांबवलं. पोरांनी फळ्या आणल्या, चाकांखाली सारल्या, नवरदेवानेही फेटा सावरत धक्का दिला, तेव्हा कुठे सोयरे मांडवात पोचले. हे सगळं चाललं असताना एक आबाजी गाडीभोवती फेरी मारत होते.

“कितीची हाय जी?”

“दीड कोटीची, आबाजी.”

“पोते किती बसते?”

“पोती नाही बसत. दोन माणसं बसतात.”

“मंग पयते तरी का?”

“तीनशेच्या वर!”

“कुठी?”

या ‘कुठी’ला मालकाकडे उत्तर नव्हतं. माझ्या भाच्याकडे मात्र होतं. हा पुण्यात नोकरीला असतो, रविवारी फॉर्म्युला वन बघतो आणि उरलेले सहा दिवस त्यावर बोलतो. तो म्हणाला, “मामा, रेस कुठे पोचण्यासाठी नसतेच मुळी.” ते खरंच आहे. फॉर्म्युला वनची शर्यत साधारण 305 किलोमीटरची. तेवढ्यात आम्ही चंद्रपूरहून नागपूरला जातो, मेडिकलमध्ये भरती असलेल्या सोयऱ्याला भेटतो, सीताबर्डीवर खरेदी करतो आणि घरी परततो. ते लोक तेवढंच अंतर जीव खाऊन कापतात आणि जिथून निघाले तिथेच येऊन थांबतात. वरून त्यांना दारूने आंघोळ घालतात.

पण हसायचा अधिकार मला नाही. आमचा शंकरपटही, म्हणजे बैलांची शर्यतही, कुठेच पोचत नाही.

धान घरात आलं, दिवाळीमागची मंडई उरकली की झाडीपट्टीला पटाचे वेध लागतात. शिवारात शेजारी शेजारी दोन सरळ पट्ट्या आखतात, दोन जोड्या जुंपतात आणि हलक्याशा छकड्यावर धुरकरी उकिडवा बसतो. निशाण पडलं की डोळा मिटून उघडेपर्यंत धुरळा उरतो, आणि त्या धुरळ्यात कोण जिंकलं यावर पुढचे दोन तास चर्चा. मी भाच्याला घेऊन गेलो. त्याला सगळं ओळखीचं वाटलं. “हे तर क्वालिफाइंग!” तो ओरडला. शेजारचा माणूस म्हणाला, “नाही जी, हे आरमोरीकडली जोडी हाय.”

खरं तर दोघांचंही बरोबर होतं. आमच्याकडे बंडी ही मालवाहू. तिच्यात धान, तणस, लाकडं आणि सासरी निघालेली आत्या, सगळं मावतं. पटाचा छकडा मात्र काहीच वाहत नाही. त्याला टप नाही, आसन नाही, वजन तर नाहीच. पटाच्या बैलाला नांगराला कोणी जुंपत नाही. त्याला दूध, अंडी, डाळ, अंगाला मालिश. घरच्या पोरांना कोरा चहा. मालकीणबाई बोलतात, मालक ऐकून घेतो आणि गोठ्यात जाऊन बैलापाशी मन मोकळं करतो. उपयोग शून्य, खर्च अफाट, आणि दारात उभी राहिली की गाव बघायला येतं: स्पोर्ट्स कारची याहून नेमकी व्याख्या इटलीतही सापडायची नाही.

फरक आहे तो इंजिनाच्या स्वभावात. 2023 साली कतारमध्ये फॉर्म्युला वनच्या मॅकलॅरेन संघातल्या माणसांनी 1.80 सेकंदात गाडीची चारही चाकं बदलली. भाच्याने मला मोबाइलवर ते दाखवलं. त्याच वेळी आमच्यासमोर एक जोडी पट्टीवर यायला तयार नव्हती. डावा बैल सज्ज होता, उजव्याचं मन लागत नव्हतं. मालक, मालकाचा भाऊ, मालकाचे जावई अशी सगळी टीम त्याला समजावत होती. माइकवरचा निवेदक मधल्या वेळात हरवलेल्या मुलांची नावं आणि देणगीदारांची यादी वाचत होता. फॉर्म्युला वनचं इंजिन हजार भागांचं असेल, पण त्याला रुसता येत नाही.

या दोन शर्यतींचं नशीबही कसं जोडीनेच जुंपलेलं! ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर 2011 मध्ये फॉर्म्युला वन आली, तीन वर्षं झाली, तिन्ही वेळा सेबास्टियन व्हेटेलच जिंकला. पण उत्तर प्रदेश सरकार म्हणालं, हा काही खेळ नव्हे, ही करमणूक. भरा करमणूक कर. करांचा गुंता वाढला आणि ऑक्टोबर 2013 नंतर ती शर्यत गेली ती गेलीच. पुढे सहा महिन्यांनी, 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली. देशातली सर्वांत महागडी शर्यत गेली आणि मागोमाग आमची गेली. भाचा आणि मी, दोघांचंही सुतक एकदमच सुरू झालं.

मग आला डिसेंबर 2021. 12 तारखेला अबू धाबीतल्या फॉर्म्युला वन शर्यतीत हॅमिल्टन आणि व्हर्स्टापेन सारख्याच गुणांवर उतरले आणि अधिकाऱ्याच्या एका निर्णयाने शेवटच्या फेरीत जगज्जेतेपद फिरलं. भाचा फोनवर तावातावाने बोलत होता: पंचांनी घात केला, नियम मोडले, हे कुठे घडतं का? मी म्हटलं, बाबा, आमच्याकडे दर पटाला घडतं. चारच दिवसांनी, 16 तारखेला, सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या बैलांच्या शर्यतींना परवानगी दिली. मे 2023 मध्ये घटनापीठानेही राज्याचा कायदा उचलून धरला. अटी कडक आहेत. काठी नाही, टोचणी नाही, विजेचा झटका नाही. धुरकऱ्याकडे आता फक्त घसा उरला, आणि तो असा काही वाजतो की बैल त्यापासून दूर जायलाच पळत असावेत.

आमचा पट परत आला, नोएडाची शर्यत नाही आली. असं का, याचं उत्तर भाच्याला त्या रात्री मिळालं.

झाडीपट्टीत पट म्हटलं की रात्री नाटक आलंच. पटाला पाहुणे येतात, माहेरवाशिणी येतात, जावई येतात. एवढ्या माणसांना रात्री झोपवायचं कुठे? त्यावर आमच्या पूर्वजांनी तोडगा काढला: झोपवायचंच नाही. रात्री दहाच्या सुमाराला पडदा वर जातो तो उजाडायच्या बेताला खाली येतो. वडशाला, म्हणजे देसाईगंजला, नाटक मंडळ्यांची कार्यालयं ओळीने आहेत आणि हंगामात तिथे कलाकाराची तारीख मिळणं मंत्र्याची भेट मिळण्याइतकं अवघड. याच रंगभूमीवर हजारो प्रयोग केलेल्या गडचिरोलीच्या डॉ. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. बंदीने पट थांबले, पण नाटकं थांबली नाहीत.

भाचा ब्लँकेट पांघरून बसला. दोन भावांचं वैर, वहिनीचा त्याग, मध्येच लावणी, मध्येच विनोदी नोकर. तीनच्या सुमाराला त्याने डोळे पुसले. “मामा,” तो म्हणाला, “हे तर ‘ड्राइव्ह टू सर्व्हाइव्ह’ आहे!”

मग त्याने मला समजावलं. फॉर्म्युला वन नव्या अमेरिकन मालकांकडे गेली आणि 2019 पासून नेटफ्लिक्सवर तिची मालिका सुरू झाली. तीत गाड्या कमी आणि भांडणं जास्त. कोणाला संघातून काढलं, कोण कोणाशी बोलत नाही, कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्यांना टायर आणि स्टिअरिंग यांतला फरक कळत नव्हता, अशी माणसं त्यामुळे शर्यती बघू लागली. म्हणजे मोटारींच्या शर्यतींची इतकी वर्षं गेली तेव्हा त्या लोकांना उमगलं की नुसती शर्यत खपत नाही, सोबत नाटक द्यावं लागतं. आमच्याकडे हे मंडपवाल्याच्या पोरालाही ठाऊक आहे.

तेव्हा भारतात फॉर्म्युला वन पुन्हा आणायची कोणाच्या मनात असेल, तर त्याने लंडनला न जाता आधी वडशाला यावं. धानाचं शिवार मोकळंच असतं. गतिरोधक आम्ही त्या दिवसापुरते काढून ठेवू. कर भरायलाही आमची हरकत नाही. हा खेळ की करमणूक, असं साहेबांनी विचारलंच, तर अर्जात स्वच्छ अक्षरांत लिहून देऊ: दिवसा खेळ, रात्री करमणूक, आणि मधल्या वेळात जमल्यास एखादी सोयरीक. व्हेटेल आता निवृत्त झाला आहे, पण हॅमिल्टनचं लग्न अजून व्हायचं आहे.